नादार

वकीलबाईंच्या टेबलावर, काचेखाली,
कोणाच्या तरी लग्नाचा फोटो दाबलेला होता.
"नादारीचा अर्ज दोघांनी करायचा की एकट्याने,
ते ठरवून या," त्या म्हणाल्या.

नादार.
पणजी-फोंडा बसमध्ये मी तो शब्द फोडून पाहिला:
नाद आणि दार.
नाद तुझा, उल्हास. दार माझं.

तुझा नाद म्हणजे बावीस स्पीकर, दोन मिक्सर
आणि एक टेम्पो, ज्याच्या पाठीवर तू माझंच नाव रंगवलंस,
'शर्वाणी साउंड्स'.
म्हार्दोळची जत्रा, शिरोड्याचा कालो,
रात्री दहाला दारात पोलीस
आणि त्यांच्याशी बोलतानाचा तुझा तो मऊ आवाज.
मग मोठी लग्नं समुद्राकाठी गेली,
त्यांचा आवाज दिल्लीहून ट्रकने यायला लागला.
तू म्हणालास, आपणही तसलाच घेऊ.
घेतला.
अठ्ठावीस लाख. पतसंस्थेचे नऊ वेगळे.

त्याच पतसंस्थेची पिग्मी मी गोळा करते.
मासळीवाल्या, फुलवाल्या, पंक्चर काढणारा सायमन,
कोणाचे वीस, कोणाचे पन्नास,
ओल्या नोटा, कधी एखादं खवलं चिकटलेलं.
ते पैसे तुझ्या स्पीकरांतून वाजले
हे त्यांना माहीत नाही.
मला आहे. रोज सकाळी साडेनऊला असतं.

वकीलबाई म्हणाल्या, इथलं लग्न पोर्तुगिजांच्या वेळच्या कायद्याचं,
वेगळा करार नसेल तर सगळं अर्धं-अर्धं.
आठवतं, सबरजिस्ट्रारकडे आपण दोनदा सही केली होती?
पहिली, आणि काही दिवसांनी दुसरी.
मधल्या दिवसांत बोर्डावर आपली नावं टांगलेली,
कोणाची हरकत आहे का, विचारत.
कोणाचीच नव्हती.
आता बँक आली आहे हरकत घ्यायला,
चौदा वर्षं उशिरा.

अजून एक वाट आहे, म्हणाल्या.
कागदावर मालमत्ता वेगळी करून घ्या,
घराचा बाईंचा अर्धा वाटा वाचला तर वाचेल.
तू लगेच हो म्हणालास.
इतक्या लगेच, की मी दुखावले.
मग बसमध्ये तू झोपलास,
तुझ्या मुठीत तिकिटं होती. दोन्ही.

रात्री यादी करायला बसलो.
वस्तू, अंदाजे किंमत, कोणाच्या नावे.
टेम्पो: बँकेच्या.
फ्रीज: माझ्या आईनं दिलेला, म्हणजे माझा,
म्हणजे अर्धा तुझा.
पाटल्यांपुढे मी लिहिलं, 'नाहीत'.
तू ते खोडून 'होत्या' केलंस.
तेव्हा मी बोलले. बरंच बोलले.
शेजारच्या खिडकीतला दिवा लागला आणि विझला.
तू ऐकून घेतलंस, आणि मग विचारलंस,
परसातला निरफणस लिहायचा का?
कोणाच्या नावे, म्हटलं.
माकडांच्या, म्हणालास.
मला हसायचं नव्हतं.

सामान न्यायला माणसं सोमवारी येणार.
तू खाली कोठीत गेलास,
एक मिक्सर लावलास, आवाज अगदी बारीक ठेवून.
"हॅलो. चेक. चेक."
तुझे इतके चेक परत आले, उल्हास,
हा एक तेवढा वटला.
मी वर, अंधारात, ऐकत होते.

सकाळी पोदेराचा भोंपू.
चार पाव घेतले, सुटे नव्हते.
"फाल्यां दी गो बाय," म्हणत तो सायकल रेटत गेला.
पाव अजून ऊन होते.
मी अर्ज काढला,
देणेकऱ्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
पोदेर, वीस रुपये.
आणि पुढच्या रकान्यात,
दोघांच्या नावे.